कोलननंतरची जागा

हेल्दुर निवृत्त झाला तेव्हा मला त्याची खुर्ची मिळाली,
एक डेंट पडलेला थर्मास,
आणि ईमेलचे मथळे वाचणारं एकच फंक्शन:
नऊ हजार ओळी, सलग,
जशी काही तार्तूतून वाहणारी एमायगी नदी, पण एकही पूल नसलेली.

मी वर्ग पाडले.
सगळ्यांत वर मूळ वर्ग, फील्ड.
त्याला दोनच गोष्टी ठाऊक: आपलं नाव, आपलं मूल्य.
त्याच्या पोटी तारीख आली, टाइमझोनचा गुंता सोडवणारी.
प्रेषक आला. विषय आला, जो लांबला की
घडी घालून पुढच्या ओळीत
एक पाऊल आत सरकून बसतो.
रिसीव्ह्ड आला, शिक्क्यांची चळत घेऊन;
प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का वरती ठोकतो,
म्हणून पत्राचा प्रवास वाचायचा खालून वर,
विहिरीतून दोर ओढल्यासारखा.

आमच्या धंद्यात याला वारसा म्हणतात.
त्यासाठी कुणी मरावं लागत नाही.

उरले ते बेवारस. एक्स- लावून येणारी,
कुठल्याच नियमात नसलेली नावं.
त्यांच्यासाठी एक 'अनोळखी' वर्ग केला
आणि त्यात, मार्चमधल्या एका संध्याकाळी, घाईत, अट टाकली:
मूल्य रिकामं असेल तर अपवाद फेक.
नाव आहे, कोलन आहे, पुढे काहीच नाही,
असलं पत्र पाठवतं कोण?

गुरुवारी फोन आला. हिउमा बेटावरून.
ओइये रांदमा.
(तिचा पहिला स्वर म्हणजे ओठ गोल न करता म्हटलेला ओ.
निम्म्या जगाचे सर्व्हर त्याचं प्रश्नचिन्ह करतात.
आमच्याकडे तो शाबूत राहतो, ते काम माझंच.)
ती रोज सकाळी समुद्राची पातळी कळवते, बर्फाची जाडी कळवते.
"सोमवारपासून पोच नाही," ती म्हणाली.
"समुद्र तर आहे अजून. मी आत्ताच बघून आले."

लॉग उघडला. चार पत्रं दारातच अडलेली.
चारींच्या मथळ्यात एकच ओळ:
एक्स-तूल. तूल म्हणजे वारा.
कोलन. पुढे काही नाही.

मग जुनी पत्रं उघडत बसले.
अकरा वर्षं.
एक्स-तूल: नैर्ऋत्येचा, आळशी
एक्स-तूल: उत्तरेचा, दाढी करून आल्यासारखा
एक्स-तूल: नाही. चिमणीचा धूर सरळ
एक्स-तूल: ओइये म्हणते पूर्वेचा. मला पटत नाही
आणि ऑक्टोबरच्या चौदा तारखेपासून
कोलन, कोलन, कोलन.

हेल्दुरला विचारलं. तो सॉनाची लाकडं फोडत होता,
फोन खांद्यात धरून.
"इल्मारला वारा आकड्यांत सांगता येईना," म्हणाला,
"म्हणून फॉर्ममध्ये त्याला एक ओळ दिली.
नियमात कुठे बसत नव्हती ती.
नंतर, म्हणजे दफन झाल्यावर, ओइयेला विचारलं, काढू का?
म्हणाली, असू दे.
तू काय, अपवाद फेकलास?"

मी काही बोलले नाही.
कुऱ्हाडीचा एक घाव ऐकू आला, मग दुसरा.

अट काढली. चाचणी लिहिली:
मूल्य नसलेलं फील्ड येईल. तसंच पुढे जाईल.
चाचणीला नाव काय द्यायचं यात अर्धा तास गेला,
शेवटी नुसतं 'रिकामं' ठेवलं.

चार पत्रं सुटली, सोमवार आधी.
पाणी दोन सेंटिमीटर वर. बर्फ किनाऱ्यालगत, कुजका.
तेव्हा दिसलं, कच्च्या बाइट्समध्ये,
कोलननंतर एक स्पेस होती. एकच.
कुणीतरी बोट ठेवून उचललेलं.

माझा कोड सवयीने कडेच्या मोकळ्या जागा छाटतो.
ती ओळ शोधली,
आणि रात्री साडेनऊला, ऑफिसात मी आणि फ्रिजची घरघर असताना,
अनोळखी वर्गापुरती ती बंद केली.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.
लिहिलं: वारा.